हौसेचे प्रमाण

माणसाच्या इच्छांचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतात. काही इच्छा चारचौघांत उघडपणे बोलून दाखवता येतात. मुलाला चांगली नोकरी लागावी, गुडघ्याचे दुखणे थांबावे, हातपाय चालताहेत तोवर एकदा काशीयात्रा व्हावी. ऐकणारा मान डोलावतो, 'होईल हो सगळं,' म्हणतो आणि चहाचा पुढचा घोट घेतो. दुसऱ्या वर्गातल्या इच्छा सांगितल्या की ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे पाहतो आणि मग आपल्या पांढऱ्या केसांकडे. माझी एक इच्छा या दुसऱ्या वर्गात मोडते. पण दिवाळी अंक वाचणाऱ्याच्या हाताशी फराळाचे ताट असते, आणि चकली कुरकुरीत झालेली असली तर माणूस एरवीपेक्षा जरा क्षमाशील असतो, या भरवशावर ती आज सांगून टाकतो.

इच्छा अशी आहे: १९६९ सालच्या डॉज चार्जर या अमेरिकन मोटारीची, मूळ मोटारीच्या एक-द्वादशांश, जमल्यास एक-अष्टमांश आकाराची, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून घरी जोडायची नवी प्रतिकृती कोणीतरी बाजारात आणावी. चार्जर जमत नसेल तर १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ चालेल, १९७० ची प्लिमथ बाराकुडाही चालेल. मला मोटार नको, मोटारीची प्रतिकृती हवी. तीही तयार नको. पेटीतून निघणाऱ्या बिनरंगी तुकड्यांची हवी. आणि ती मोठी हवी.

या इच्छेवर आजवर मी ऐकलेले आक्षेप चार. पहिला, हा पोरखेळ आहे. दुसरा, जे खरे नाही त्याचे एवढे कौतुक कशाला? तिसरा आक्षेप एका विचारी मित्राचा: ज्या मोटारींनी हवा नासवली आणि माणसे मारली, त्यांच्या मूर्ती कसल्या घडवता? चौथा आमच्या घरातूनच येतो आणि तोच सर्वांत अवघड आहे: कपाटात न उघडलेली खोकी पडली आहेत, ती आधी संपवा. हे आक्षेप हसून सोडून देण्यासारखे नाहीत. इच्छा करावी तरी कशाची आणि किती, हा प्रश्न माणसाला जन्मभर पुरतो. माझ्या या किरकोळ हौसेच्या निमित्ताने तो थोडा उलगडून पाहावा असे मनात आहे.

आधी या मोटारींची ओळख करून द्यायला हवी. मी १९७० साली शिकायला मिशिगन राज्यात आलो आणि पुढे डेट्रॉइटच्या परिसरातच मोटारींच्या सुट्या भागांचे नकाशे काढता काढता माझी नोकरी सरली. ज्यांना अमेरिकन लोक 'मसल कार' म्हणतात त्या मोटारी तेव्हा रस्त्यावर होत्या. मसल कार म्हणजे दंडातली बेडकुळी काढून दाखवणारी मोटार. कल्पना अगदी साधी: मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची घरगुती मोटार घ्यायची आणि तिच्या पोटात मोठ्या मोटारीचे इंजिन बसवायचे. जनरल मोटर्स कंपनीचा तेव्हा नियम होता की, मध्यम मोटारीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये. कंपनीच्या पाँटिअ‍ॅक शाखेचे मुख्य अभियंता जॉन डीलोरिअन आणि त्यांचे सहकारी यांनी पळवाट शोधली. ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन त्यांनी नव्या मोटारीत घातलेच नाही. जुन्या मोटारीवर २९५ डॉलर जादा देऊन घ्यायची ऐच्छिक सोय म्हणून ते १९६४ साली विकायला ठेवले. तीच जीटीओ. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांहून अधिक गाड्या गेल्या. वडीलधाऱ्यांचा नियम मोडायचा नाही, फक्त शब्दशः पाळायचा, ही युक्ती आपल्याकडच्या मुलांनाही चांगली ठाऊक असते.

मग चढाओढ लागली. प्लिमथ कंपनीने १९६८ साली आपल्या मोटारीला व्यंगचित्रपटातल्या एका पळणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले, आणि त्या पक्ष्यासारखा भोंगाही बसवला. नाव आणि चित्र वापरण्याचे पन्नास हजार डॉलर मोजले. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत पोरे शर्यती लावीत. इंजिन प्रचंड, पण टायर अरुंद आणि ब्रेक पुष्कळदा जुन्या ड्रमचे. पळण्याची सोय भरपूर, थांबण्याची बेताची. लिटरमागे चार-पाच किलोमीटर पळाली तरी मालकाचे समाधान होई. पुढे विम्याचे हप्ते भडकले, १९७० च्या अखेरीस हवा स्वच्छ राखण्याचा कडक कायदा झाला, १९७१ पासून इंजिनांचा जोर उतरू लागला आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवले. मसल कारची पहिली पिढी संपली. जेमतेम दहा वर्षांचे आयुष्य. आता दर वर्षी ऑगस्टमध्ये त्याच वुडवर्ड रस्त्यावर त्या हारीने निघतात. हा सोहळा १९९५ पासून चालू आहे. त्या मोटारींच्या पुढच्या काचेआड आता बहुतेक माझ्याच वयाची डोकी दिसतात.

आता पहिला आक्षेप, पोरखेळाचा. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. दगड, विटा, गोणपाट, वरून चिखलाचा लेप, उतारावर हळिवाची हिरवळ. त्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, वाघ हत्तीएवढा असतो, आणि सिंहासनावर बसलेले महाराज तर महादरवाजातून आत येऊच शकणार नाहीत एवढे मोठे असतात. एकाही मुलाची याबद्दल तक्रार नसते. तिथले माप प्रेमाने ठरते. ज्याच्यावर जीव अधिक, तो आकाराने अधिक. मुलींच्या भातुकलीतही कढईपेक्षा पळी मोठी निघते, आणि त्या पळीने वाढलेला चुरमुऱ्यांचा भात पाहुण्याला निमूटपणे 'खावा' लागतो.

पण एखाद्या दिवाळीत एखादा मुलगा किल्ल्यासमोर उकिडवा बसून विचारतो, "महाराज या दारातून आत कसे गेले असतील?" घरातली माणसे म्हणतात, मुलगा मोठा झाला, आता त्याचा खेळ संपला. मला वाटते, त्या दिवशी त्याच्या खेळात सत्य शिरले. आता तो दरवाजा मोजील, मावळा मोजील, दोहोंचा मेळ घालू पाहील. खेळ तोच, फक्त त्याला मापाची शिस्त लागली. मोटारींच्या प्रतिकृती करणारा म्हातारा हा असा दारासमोर बसून राहिलेला मुलगाच आहे. त्याला पोर म्हटले तर माझी ना नाही. खेळाला मात्र पोरखेळ म्हणू नये.

या बाबतीत आपल्या भाषेने एक मोठी गंमत करून ठेवली आहे. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेले असते तेही प्रमाण, आणि न्यायशास्त्र ज्याला ज्ञानाचे साधन मानते तेही प्रमाण. नैयायिकांनी प्रमाणे चार सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांतल्या उपमानाचे त्यांचे ठरलेले उदाहरण गवयाचे. गवय हा गाईसारखा दिसतो एवढे ज्याने ऐकले आहे, तो रानात तसा प्राणी दिसताच 'हाच तो गवय' म्हणून ओळखतो. साम्य हीसुद्धा जाणण्याची एक वाट आहे, असे त्या शास्त्राचे म्हणणे. माझ्या टेबलावरची चार्जर हा माझा गवय. तिच्या पुढच्या दांड्याचा पाना एवढासाच का, तिचा रेडिएटर इंजिनाच्या इतका पुढे का, हे हाताने जोडताना जे कळते ते पुष्कळ मोटारवाल्यांना वर्षानुवर्षे ती हाकूनही कळलेले नसते.

मग मोठी कशाला हवी? या हौसेत बहुतेक मोटारी एक-चोविसांश किंवा एक-पंचविसांश प्रमाणात निघतात. चार्जर मुळात सुमारे ५.२८ मीटर लांब. पंचविसाव्या हिश्श्याची चार्जर एकवीस सेंटिमीटर भरते, बाराव्या हिश्श्याची चव्वेचाळीस आणि आठव्या हिश्श्याची सहासष्ट. लांबी दुपटीहून थोडी अधिक वाढते, पण आकारमान नऊ पटींनी वाढते, आणि त्या वाढलेल्या जागेत कितीतरी गोष्टींना राहायला घर मिळते. खऱ्या मोटारीवर रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. तेवढाच थर पंचविसाव्या हिश्श्याच्या प्रतिकृतीवर बसला, तर मोटारीच्या मापाने तो अडीच मिलिमीटर जाड झाला. जणू मोटारीला रंग दिलेला नाही, गिलावा केला आहे. पत्र्यांच्या सांध्यातली फट बुजते, दाराची मूठ गुळगुळीत होते, कोरलेली अक्षरे पुसट होतात. प्रमाण लहान झाले की पहिल्यांदा बारकावे मरतात. हा नियम मोटारीपुरता नाही. एखाद्याचे आयुष्य दोन ओळींत सांगितले की त्याचेही असेच होते.

मोठ्या प्रमाणाची ओढ मला ज्या एका बारकाव्यासाठी आहे, तो सांगतो. १९७० ची बाराकुडा हॅमट्रॅमक येथे तयार होई. डेट्रॉइट शहराने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेले हे वेगळे छोटे गाव. तिथे डॉज कंपनीचा अवाढव्य कारखाना होता, त्याला 'डॉज मेन' म्हणत. पट्ट्यावरून मोटार पुढे सरकत असताना तपासणारा कामगार एखादा भाग नीट बसला आहे हे दाखवायला त्यावर रंगाचा एक फराटा ओढी. कुठे पिवळा, कुठे निळा, कुठे खडूची खूण. पोटाखालच्या अस्तराच्या रंगावर बाजूच्या रंगाचा फवारा अर्धवट उडालेला असे. गिऱ्हाईक वाकून कधी पाहणार नाही अशा जागी ही सगळी रांगोळी. जुन्या मोटारींची डागडुजी करणारे जाणकार आज त्या खुणा जशाच्या तशा पुन्हा काढतात, आणि चांगले प्रतिकृतीकारही काढतात. अंगठ्याएवढा तो फराटा पंचविसाव्या हिश्श्यात एक मिलिमीटरचा ठिपका होतो. तो ठिपका कशाचाही असू शकतो, माशीने बसून केलेलाही. आठव्या हिश्श्यात मात्र तो तीन मिलिमीटर होतो आणि त्यात कुंचल्याची दिशा दाखवता येते. कोणीतरी डावीकडून उजवीकडे हात फिरवला होता, हे दिसते. मोटारीत माणूस दिसू लागतो तो इथे.

आणि तो माणूस दिसणे गरजेचे आहे. याच डॉज मेन कारखान्यात मे १९६८ मध्ये कामगारांनी अचानक काम बंद पाडले, कारण पट्ट्याचा वेग वाढवला होता. त्यातून तिथल्या कृष्णवर्णीय कामगारांची 'डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट' ही चळवळ उभी राहिली. त्याआधीच्या वर्षी, जुलै १९६७ मध्ये, डेट्रॉइट शहर पेटले होते आणि त्रेचाळीस माणसे मेली होती. झगझगीत रंगाच्या त्या मोटारी या शहरात, या हातांनी, या वेगाच्या पट्ट्यावर जुळल्या. १९८० साली तो कारखाना बंद झाला आणि पुढे पाडलाही. फराटा राहिला. मोटारीतला प्रत्येक स्क्रू बिनचूक करणारा आणि तो फराटा विसरणारा प्रतिकृतीकार मला अर्धाच खरा वाटतो.

दुसरा आक्षेप खऱ्याखोट्याचा. 'खरी मोटार घे, नाहीतर सोडून दे' असे म्हणणाऱ्यांनी खऱ्या मोटारींचे आज काय झाले आहे ते पाहावे. १९७१ सालच्या, हेमी इंजिनाच्या, उघड्या टपाच्या बाराकुडा गाड्या जेमतेम अकरा निघाल्या. त्यांतली एक २०१४ साली पस्तीस लाख डॉलरांना विकली गेली. पस्तीस लाखांची मोटार पावसात कोण काढणार? ती झाकून ठेवायची, मधून मधून पुसायची, पाहुण्यांना लांबून दाखवायची. म्हणजे खरी मोटार आता शोभेची प्रतिकृती झाली आहे. तिच्या बॉनेटखाली हात घालायला मालकच भितो. हात घालावा तो माझ्या कपाटातल्या मोटारीत.

१९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटात एका हिरव्या मस्टँगने एका काळ्या चार्जरचा सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पाठलाग केला. तीच मस्टँग पुढे एका साध्या कुटुंबात आली आणि घरातली शिक्षिका ती घेऊन शाळेत जात असे. २०२० साली ती सदतीस लाख डॉलरांच्या वर विकली गेली, आणि तिचे पोचे, गंज, ओरखडे मुद्दाम तसेच ठेवले होते. लोकांनी पैसे दिले ते त्या पोच्यांना. आता दुसरी गोष्ट ऐका. १९७९ ते १९८५ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' नावाची मालिका चाले. तिच्यात एक नारिंगी चार्जर दर आठवड्याला ओढ्यानाल्यांवरून उडे, आणि प्रत्येक उडीला एक खरी मोटार कामातून जाई. अशा अडीचशेंहून अधिक चार्जर खर्ची पडल्या असे मानतात. शेवटी शेवटी मोटारी मिळेनात, तेव्हा उडीसाठी लहान प्रतिकृती वापरू लागले. खरी मोटार वाचावी म्हणून खोटी उडाली. खरे-खोटे हा शिक्का वस्तूच्या आकारावर मारता येत नाही, एवढे यावरून कळावे. जी आपल्याला काही सांगते, शिकवते, हात लावू देते, ती आपल्यापुरती खरी.

तिसरा आक्षेप मात्र मला झोंबतो. १९७२ या एका वर्षात अमेरिकेच्या रस्त्यांवर चोपन्न हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांचे खापर एकट्या मसल कारवर फोडता येणार नाही. पण सगळी अमेरिका ज्या वेगाच्या नशेत होती त्या नशेची ती सर्वांत सुंदर बाटली होती. तिच्या इंजिनाला शिसे घातलेले पेट्रोल लागे. रस्त्यावरच्या मोटारींसाठी ते पेट्रोल अमेरिकेत पूर्णपणे बंद व्हायला १९९६ साल उजाडले, आणि तोवर ते शिसे कित्येक मुलांच्या रक्तात गेले. मित्र विचारतो, 'हे सगळे माहीत असून तुला तिचे रूप आवडते?'

आवडते. आणि ते आवडते म्हणूनच मी ती लहान करून मागतो. इच्छेचे काय करावे याची दोन उत्तरे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: एक तर ती पुरवा, नाहीतर ती मारा. तिसरा एक मार्ग आहे, तो म्हणजे तिचे प्रमाण बदला. लांबी बारा पटींनी कमी केली की आकारमान बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८ पटींनी कमी होते. सतराशे किलोची मोटार त्याच जिनसांतून नेमक्या मापाने बाराव्या हिश्श्यात केली तर ती किलोभरच भरेल. इच्छेचा उपद्रवही असाच झपाट्याने उतरतो. रूपाचा बारावा हिस्सा पदरात पडतो आणि उपद्रवाचा सतराशेवा. माझी चार्जर कोणाच्या अंगावर जाणार नाही, कोणाच्या मुलाच्या रक्तात शिसे घालणार नाही. तिचे प्लॅस्टिक तेलातूनच येते हे खरे आहे, पण जेवढे तेल खरी चार्जर वुडवर्डच्या एका फेरीत जाळी तेवढेही तिला लागत नाही.

यात धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. वस्तू लहान झाली की तिचा इतिहासही गोजिरवाणा होतो. तोफ लहान केली की ती टेबलावर पेपरवेट म्हणून शोभते. त्या नारिंगी चार्जरच्या टपावर दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांचा लढाईतला झेंडा रंगवलेला होता, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्यांचा. जून २०१५ मध्ये चार्ल्सटन येथील चर्चमध्ये प्रार्थनेला आलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली, आणि त्यानंतर वॉर्नर ब्रदर्स कंपनीने तो झेंडा असलेल्या खेळण्यांना परवानगी देणे थांबवले. हौशी मंडळींत यावरून वाद झडले. काहींचे म्हणणे, प्रतिकृती ही प्रतिकृती. टपावर जे होते ते दाखवलेच पाहिजे. खरेपणाचा मीही भोक्ता आहे, फराट्यापर्यंत आहे. पण जे घडले ते खोटे दाखवू नये ही एक गोष्ट, आणि काय घडवायला घ्यावे, कोणत्या वस्तूला महिनोन्‌महिने प्रेम द्यावे, ही वेगळी गोष्ट. पहिली प्रामाणिकपणाची, दुसरी निवडीची. ज्या शेजाऱ्याच्या पूर्वजांना त्या झेंड्याच्या छायेत विकले गेले, तो चहाला आला आणि माझ्या फडताळाकडे पाहून गप्प झाला, तर माझ्या कौशल्याला काय अर्थ राहिला? मी चार्जर करीन ती दुकानातून बाहेर पडली तशी, साध्या टपाची. आणि तिच्या पोटाखाली तो फराटा असेल.

आता मला हवी ती नवी कशासाठी? जुन्या पेट्या मिळत नाहीत असे नाही. या प्रतिकृतींचा जन्म मोटारींच्याच गावचा. मिशिगनमधल्या ट्रॉय गावची एएमटी कंपनी आधी विक्रेत्यांच्या दुकानांसाठी नव्या मोटारींचे तयार नमुने करीत असे. बाप मोटार पाहायला आला की मुलाच्या हातात नमुना. ते जुने नमुने ज्या अ‍ॅसिटेट प्लॅस्टिकचे होते ते काळाने वाकडे होते. लोखंडाची मोटार गंजली आणि प्लॅस्टिकची मोटार पिळवटली, कोणालाच अमरपट्टा नव्हता. १९५८ पासून एएमटीने दर वर्षीच्या मोटारीची जोडायची पेटी काढली. मोनोग्रॅम कंपनीने १९६० च्या दशकात आठव्या हिश्श्याची कॉर्व्हेट आणि जॅग्वार काढून पोरांचे डोळे दिपवले. परंतु वार्षिक पेट्यांचे पोलादी साचे पुष्कळदा पुढच्या वर्षीच्या मोटारीसाठी तासून बदलत. १९६८ चा साचा १९६९ चा झाला की १९६८ कायमचे गेले. काळ पुढे जातो तो काही वेळा असा, मागच्या वर्षाचे पोलाद खरवडून.

नवा साचा कापायला फार मोठा खर्च येतो. मोटारीचे लेसरने माप घेतात, संगणकावर तिचे तुकडे पाडतात, पोलादात ते कोरतात, आणि हे सगळे पेटीचा पहिला डॉलर हातात पडण्यापूर्वी. म्हणून एकट्याच्या इच्छेने साचा कापला जात नाही. हजारो माणसांना तीच वस्तू हवी असावी लागते. अलीकडे घरच्या घरी छपाईयंत्रातून घन वस्तू काढता येते. एक तरुण मला म्हणाला, "काका, वाट कशाला बघता? छापून घ्या." त्याचे बरोबर आहे, आणि तरीही मी वाट पाहतो. पेटी निघाली म्हणजे ओहायोतला कोणी, ओसाकातला कोणी, नाशिकमधला कोणी, एकाच तुकड्याला एकाच ठिकाणी अडणार; सत्तेचाळीस नंबरचा तुकडा अठ्ठेचाळीसमध्ये बसत नाही म्हणून एकाच रात्री तिघेही चरफडणार. सणही आपण एकाच तिथीला करतो. आपापल्या सोयीने दिवाळी केली असती तर लाडू तेवढेच गोड झाले असते, पण दिवाळी झाली नसती.

राहिला चौथा आक्षेप, कपाटातल्या खोक्यांचा. लोभ आणि इच्छा यांत फरक करायचा झाला तर मी असा करतो. लोभाला वस्तू हवी असते; ती आली की तो तिच्याकडे पाठ फिरवतो आणि पुढच्या वस्तूकडे तोंड करतो. इच्छेला वस्तूबरोबरचा वेळ हवा असतो. माझ्या कपाटातली काही खोकी लोभाची आहेत, हे घरच्या मंडळींना माहीत आहे आणि मलाही. त्यांतली निम्मी मी शेजारच्या शाळकरी मुलांना वाटून टाकायला काढली आहेत. पण त्या मोठ्या चार्जरला मी वर्ष देईन. माझ्या वयाच्या माणसाने एखाद्या वस्तूला वर्ष देऊ करणे म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको.

त्यातून एक शंका उरतेच. पेटी निघायला पाच वर्षे लागली आणि तोवर माझे हात कापू लागले, किंवा मीच उरलो नाही, तर? त्या मोटारी ज्यांनी पोरवयात पाहिल्या ते सगळे आता सत्तरीच्या आसपास आहेत. साचा कापणाऱ्यांनाही हा हिशेब कळतो आणि म्हणूनच ते बिचकतात. तरीही पेटी निघावी असे मला वाटते, आणि नीट तपासून पाहिले तर ती माझ्याच हातात पडावी असा हट्ट त्यात आता फारसा उरलेला नाही. जिने ही मोटार रस्त्यावर कधी पाहिलीच नाही अशी एखादी मुलगी ती पेटी उघडील, पोटाखालचा तो फराटा सूचनापत्रात पाहील आणि 'हे काय आहे?' म्हणून विचारील. कोणीतरी तिला हॅमट्रॅमकच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट सांगील. मग ती बारीक कुंचला रंगात बुडवील, श्वास रोखील आणि डावीकडून उजवीकडे एक फराटा ओढील. हौसेचे माझ्यापुरते प्रमाण हेच: कोणाला इजा होऊ नये इतकी ती लहान असावी, आणि दुसऱ्या माणसाचा हात दिसावा इतकी मोठी.